नव्या समुपदेशक शिक्षकास सल्ला

नववीच्या मुलांचे गुण पाहण्याआधी त्यांच्या वह्या चाळाव्यात, असे मी आपणास सुचवेन. तोंडी उत्तरे अचूक देणारा मुलगा लिहिताना जोडाक्षरे गाळत असेल, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळीच्या ओळी सोडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची) शक्यता तपासून घ्यायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मात्र तपासणीला वेळ लागतो, म्हणून पालकांशी बोलणे दहावीच्या दिवाळीपर्यंत लांबवू नये. बोलतानाही निदान सांगू नये (ते आपले कामच नव्हे), फक्त वही त्यांच्यासमोर ठेवावी.

मन मोकळे करायला आलेल्या मुलाला ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा त्याला सुरुवातीलाच शांतपणे समजावून द्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सूचनाफलकावर ठळकपणे लावावा.