समाजशास्त्राच्या व्याख्या पाठ होतात, पण सामाजिक प्रश्न समजून घ्यायला त्या वापरायच्या कशा?

पहिल्या वर्षाला माझंही हेच झालं होतं. दर्जा, भूमिका, संरचना, सगळं पेपरात उतरवून आलो आणि विसरलो. डोक्यात उजेड पडला तो 'कोयता' या एका शब्दाने.

आमच्या बीडकडून ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. दोघं मिळून एक कोयता. मुकादम (मजूर जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तीही कोयत्यावर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीला निघालेली माणसं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात.

आता तिथे मुलींची लग्नं अठराच्या आत का होतात, असं विचारा. "अडाणीपणा, दुसरं काय!" मीही हेच म्हणायचो. पण एका घरात असं घडलं तर ती त्या घराची अडचण. वाडी-तांड्यांवर घरोघरी घडतंय म्हटल्यावर कारण घराबाहेर शोधावं लागतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्सने १९५९ मध्ये व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत केलेला फरक तो हाच.

घराबाहेर काय दिसतं? आई-बाप पाच-सहा महिने उसाच्या फडात, पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय लग्न लागलं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. ही संरचना, म्हणजे माणसांना एकाच वाटेला लावणारी बाहेरची घडी. 'वयात आलेली पोर घरात ठेवू नये' ही लोकरूढी. रूढी जुनीच, पण दर हंगामाला तिला खतपाणी घालतो तो उचलीचा हिशोब. म्हणून 'त्यांची संस्कृतीच तशी' हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचंही तसंच. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. विचारलं तर बाई एवढंच म्हणते, "त्रास होता, काढून टाकलं." फडात ना संडास ना आडोसा, आणि पाळीमुळे खाडा झाला की पैसे कापले जातात, हे आपण विचारल्याशिवाय येत नाही.

तुम्हीही तुमच्या गावातला एकच प्रश्न धरा आणि पुस्तकातली एकेक संकल्पना त्याला लावून बघा. सगळ्या लागू पडतीलच असं नाही. समाजशास्त्रज्ञ मर्टनचं प्रकट कार्य (प्रथेचा उघड, ठरवलेला परिणाम) आणि सुप्त कार्य (न ठरवता होणारा परिणाम) मला ऊसतोडीवर अजून नीट बसवता आलेलं नाही. हुंड्यावर मात्र चपखल बसतं, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.