वाचकांचे प्रश्न : हिमवादळात एकमेकांची खबर कशी घ्यावी

अमेरिकेत टेक्सासमधलं फेब्रुवारी २०२१चं वादळ आणि न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोतलं डिसेंबर २०२२चं हिमवादळ, या दोन्हींचा उल्लेख करणारी पत्रं या वेळी आली आहेत. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : डॅलसच्या आसपास आमच्या मराठी मंडळाची वीसेक घरं विखुरलेली आहेत. २०२१च्या वादळात ग्रुपवर ‘सगळे ठीक ना?’ असं विचारलं की अंगठे यायचे. नंतर कळलं, दोन घरांत दोन दिवस हीटिंगच नव्हतं. पुढच्या वेळी काय वेगळं करावं?

उत्तर : ग्रुपवरच्या प्रश्नाला ज्याचा फोन चार्ज आहे तोच उत्तर देतो. ज्याचा फोन बंद पडला त्याचं गप्प राहणं अंगठ्यांच्या गर्दीत कुणाला दिसत नाही. म्हणून ग्रुप असू द्या, पण वादळाचा अंदाज आला की घरांच्या जोड्या लावा. जोडी मैत्रीवरून नको, अंतरावरून लावा. रस्त्यावर बर्फाची काच झाली तरी चालत जाता येईल असं घर निवडा. प्रत्येक जोडीकडे कागदावर लिहिलेलं हवं : पूर्ण पत्ता, मजला, गेटचा कोड, शेजाऱ्याचा नंबर, घरात किती माणसं आणि कोणत्या वयाची, कुणाला इन्सुलिन किंवा ऑक्सिजनचं मशीन लागतं का, आणि हीटिंग गॅसवर आहे की विजेवर. गॅसची भट्टी असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. ‘आमचं गॅसवर आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेली घरंही वीज गेली की गार पडतात.

वेळ ठरवा, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात. फोन नको, एसएमएस करा. नेटवर्क कोंडलेलं असताना तो पोचायची शक्यता जास्त असते आणि बॅटरीही कमी खातो. तासाभरात उत्तर नाही आलं तर फोन करा. तोही लागला नाही तर शेजाऱ्याला सांगा, चालत जाणं सुरक्षित असेल तर स्वतः जा. नाहीतर स्थानिक पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन करून ‘वेल्फेअर चेक’ मागा, म्हणजे पोलीस घरी जाऊन खबर घेतात. त्रासाची लक्षणं माहीत असतील तर सरळ ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर.

आता विचारायचं काय? ‘बरे आहात ना?’ याला आपल्याकडे एकच उत्तर येतं, ‘हो हो, आम्ही मजेत, तुम्ही कशाला त्रास घेता!’ माणूस संकोचतो. म्हणून ज्याचं उत्तर आकड्यात किंवा वस्तूत द्यावं लागेल असं विचारा. घरात आत्ता किती डिग्री आहे? फोन किती टक्के? नळाला पाणी आहे? शेवटचं गरम कधी खाल्लंत? आणि सर्वांत महत्त्वाचं, घर गरम कशाने करताय? या शेवटच्या प्रश्नातून जीव वाचतात. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

घरात ज्येष्ठ असतील तर दिवसातून एकदा आवाज ऐका, एसएमएसवर भागवू नका. शरीर गार पडू लागलं की जीभ जड होते, शब्द अडखळतात, माणूस तेच तेच बोलतो. हे लिहिलेल्या मजकुरात कळत नाही. वृद्धांना यासाठी घरात बर्फ पडायची गरज नसते. ६० ते ६५ फॅरनहाइट, म्हणजे १६ ते १८ सेल्सियसच्या घरातही त्यांचं शरीर धोक्याइतकं गार पडू शकतं. टेक्सासच्या आरोग्य खात्याने त्या वादळातले २४६ मृत्यू नोंदवले. त्यांत सर्वांत मोठा वाटा शरीराचं तापमान घसरून झालेल्या मृत्यूंचा होता.

कुणाला आपल्या घरी न्यायचं असेल तर वादळाच्या आदल्या दिवशी न्या. ११ फेब्रुवारी २०२१ ला फोर्ट वर्थजवळ आय-३५ डब्ल्यू महामार्गावर बर्फामुळे शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जण गेले. तेव्हा मोठ्या वीजकपातीला अजून चार दिवस होते.

प्रश्न : बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. वीज गेली तर ‘मागची कोळशाची ग्रिल आत आणू, वाड्यात आम्ही शेगडीवरच हिवाळे काढले’ असं म्हणतात. खिडकी जराशी उघडी ठेवली तर चालेल का? (ह्यूस्टन)

उत्तर : अजिबात नाही. गराजमध्ये नाही, गराजचं दार उघडं ठेवूनही नाही.

बाबांची आठवण खोटी नाही, घर वेगळं आहे. वाड्याच्या कौलांमधून, दारांच्या फटींतून, झरोक्यातून हवा सतत खेळती असायची. आणि तिथेही बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावत. इथलं घर थंडी आत येऊ नये म्हणून बुजवलेलं असतं, त्यामुळे आतलं बाहेरही जात नाही. धूर निघायचा थांबून कोळसा लालबुंद झाला की तो निर्धोक झाला असं वाटतं. पण त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, म्हणून श्वास चालू असतानाच शरीर ऑक्सिजनवाचून गुदमरतं. बाबांना हे शेवटचं वाक्य सांगा.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला जाईल असा. फोन चार्ज करायला किंवा ऊब घ्यायला गराजमध्ये गाडी सुरू करून बसू नका. गॅसच्या ओव्हनचं दार उघडून खोली तापवू नका.

घरात सगळ्यांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, गरगरतंय, पण ताप कुणालाच नाही आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, तर तो फ्लू नाही. सगळ्यांना बाहेर काढा, माणसं मोजा, ९११ ला फोन करा. स्वेटर आणायलाही परत आत जाऊ नका. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर हवा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा असेल तर त्याला बॅटरीची जोड आहे का पाहा. नुसता विजेवरचा असेल तर नेमका हव्या त्या रात्री मुका होतो.

ऊब कशी मिळवायची? सगळ्यांनी एकाच लहान खोलीत या, जिला बाहेरच्या भिंती आणि खिडक्या कमी आहेत अशा. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी, खिडकीवर गोधडी. जमिनीवर आधी गाद्या किंवा पुठ्ठा घाला, कारण अंगातली ऊब फरशीत शोषली जाते. अंगावर एका जाड कपड्यापेक्षा सैल तीन पातळ, डोक्याला कानटोपी, आणि मोजे कोरडे. ओले मोजे घातलेल्याचे पाय शेकूनही गारच राहतात.

प्रश्न : शेजारचं मराठी कुटुंब भारतात गेलंय, किल्ली आमच्याकडे आहे. वादळाआधी त्यांच्या घरात काय करायचं? (सॅन अँटोनिओ)

उत्तर : रिकामं घर असेल तर नळ ठिबकत ठेवण्यापेक्षा पाणी बंद करणं चांगलं. रस्त्याच्या कडेला जमिनीत झाकण असलेली मीटरची पेटी असते. घरातला मुख्य व्हॉल्व्ह सापडला नाही तर तिथला बंद करा, त्याला मीटरची किल्ली लागते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मग सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या आणि टाकीचा गीझर बंद करा, नाहीतर रिकाम्या टाकीत कॉइल जळते. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका.

माणसं राहत असलेल्या घरात वेगळं. टेक्सासमध्ये अनेक घरांचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून गेलेले असतात. पारा २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास गेला की तिथे धोका सुरू होतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांतून पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक धार सोडा, गार आणि गरम दोन्ही. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पण बरेचदा पाइप बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तिथे फुटतो. ठिबकणारा नळ तो दाब सोडतो.

पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायर नळाच्या बाजूने मागे मागे न्या. ज्योत लावू नका. फूट कळते ती बर्फ वितळल्यावर, म्हणून पाणी परत सुरू करताना दोघं हवीत : एक व्हॉल्व्हवर हात ठेवून, दुसरा फोनवर बोलत माळ्याखाली आणि भिंतींपाशी फिरत. छताला ओल्या चहाच्या डागासारखं वर्तुळ दिसलं की तत्काळ ‘बंद कर’ म्हणायचं.

पाण्याचा दाब गेला की शहरं ‘उकळून प्या’ची सूचना काढतात. २०२१ मध्ये टेक्सासात अशा सूचनेखाली एक कोटीहून अधिक माणसं होती. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. फ्रिजमधला किंवा पाण्याच्या जगमधला फिल्टर याला पर्याय नाही. प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर धरा. बाथटब भरून ठेवला तर ते पाणी फ्लशसाठी. दीड-दोन गॅलनची बादली एका दमात कमोडमध्ये ओतली की काम होतं.

प्रश्न : सासूबाईंचं इन्सुलिन वीज गेल्यावर बाहेर बर्फात ठेवलं तर?

उत्तर : नको. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी भरवशाचं नाही, फेकावंच लागतं. बहुतेक प्रकार ८६ फॅरनहाइटच्या आत सुमारे २८ दिवस टिकतात, आपल्या प्रकाराची मुदत पाकिटावर पाहा. म्हणजे वीज गेल्यावर घाबरायचं उष्णतेला नाही, गोठण्याला. अंगालगत नको, स्वेटरवरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. साखर मोजायचं यंत्र आणि पट्ट्याही तिथेच. बरीच यंत्रं ५० फॅरनहाइटखाली चूक दाखवतात किंवा चालतच नाहीत.

प्रश्न : मुलगा बफेलोत शिकतो. वादळाच्या बातम्या पाहून जीव थाऱ्यावर राहत नाही. फोन लागेपर्यंत लावत राहावं का? (नाशिक)

उत्तर : नका लावू. प्रत्येक रिंग त्याची बॅटरी खाते. हिवाळ्यात बफेलो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. आपल्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे नऊ. ही एकच वेळ ठरवा. त्याने फक्त ‘घरात, ६४ डिग्री, फोन ७०’ एवढं पाठवावं. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या एका मित्राचा नंबर घेऊन ठेवा. वादळाच्या गावातल्या गावात फोन लागत नाही तेव्हा बाहेरच्या राज्यात बरेचदा लागतो, त्यामुळे निरोप तिथे जमा होऊ द्या आणि बाकी सगळ्यांनी त्यालाच विचारा.

२३ डिसेंबर २०२२ पासून बफेलोत वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर जात होते आणि दीड दिवस समोरचं काही दिसत नव्हतं. त्या भागात चाळीसहून अधिक लोक दगावले. कुणी अडकलेल्या गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी गार पडलेल्या घरात. बचावाच्या गाड्याही अडकल्या होत्या. त्यामुळे मुलाला आधीच एवढं बजावा : प्रवासबंदी लागू असताना मित्राला आणायला म्हणूनही गाडी काढायची नाही. अडकलाच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करायचा, मगच इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, आणि तेवढा वेळ जिकडून वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची.

प्रश्न : मैत्रिणीच्या घरी पोचलो आणि ती गुंगीत असेल, हातपाय बर्फासारखे, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

उत्तर : आधी ९११. थरथर कापत असेल तर शरीर अजून झुंजतंय. कापणं थांबलं आणि ती शांत झाली, तर ते जास्त वाईट लक्षण आहे. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा. ऊब आधी छाती, मान, डोकं आणि जांघा यांना द्या. कापडात गुंडाळलेल्या कोमट बाटल्या चालतील, किंवा पांघरुणात तुमच्या अंगाची ऊब.

आपला हात लगेच तेल लावून हातपाय चोळायला जातो. चोळू नका. गारठलेली कातडी आणि आतले पेशीजाल चोळल्याने दुखावतात. अतिगार शरीराला हिसके बसले तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून चालायलाही लावू नका. ब्रँडी नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरून आतली उष्णता बाहेर जाते. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा घोट घोट द्या.

बोटं पांढरी, मेणासारखी, बधिर झाली असतील आणि परत गोठायचा धोका नसेल तर ३७ ते ३९ सेल्सियस पाण्यात बुडवा. ते पाणी तुमच्या कोपराला नुसतं कोमट लागलं पाहिजे. बधिर बोटांना चटका कळत नाही, म्हणून हीटिंग पॅड किंवा हीटर नको.

वीज आल्यावरही जोड्यांचे निरोप दोन दिवस चालू ठेवा. पाइपांची फूट तेव्हाच कळते. फ्रिजचं दार न उघडता चार तास, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो. त्यापुढचं दूध, मटण आणि उरलेला भात फेकून द्या. आणि अंगणातला बर्फ उपसायला ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना पाठवू नका. त्यांच्या दारापुढचा बर्फ जोडीतल्या दुसऱ्या घराने काढायचा.