अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर बाळाला सारखा खोकला येतो, छाती भरते. हा बालदमाच असतो का?

तुम्ही लिहिलंय की जन्मतःच तुटक असलेली अन्ननलिका जन्मल्या जन्मल्या जोडली, तिला श्वासनळीशी जोडणारी चुकीची वाट, म्हणजे फिस्टुला, बंद केली, आता मुलगा दोन वर्षांचा आहे आणि दर सर्दीला छाती भरते, डॉक्टर बालदमा म्हणून वाफ देतात. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या मुलीचं अगदी हेच होतं आणि घरात यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी शेतीच्या वाटणीवरूनसुद्धा झाली नाहीत.

आमच्या भाऊजींचं मेडिकल आहे. त्यामुळे घरातले डॉक्टर तेच. पोरगी दीड वर्षाची असताना नणंदेच्या घराच्या वास्तुशांतीला गेलो, तिथे पंगतीत हिला खोकला सुरू झाला. तो खोकला ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल, कुत्रं भुंकल्यासारखा, अख्खा मांडव वळून बघतो. एक मावशी डांग्या खोकला म्हणाली आणि जाऊबाईंनी आपली दोन्ही पोरं उचलून दुसऱ्या खोलीत नेली. भाऊजी गाडीतून मशीन घेऊन आले, दम्याचं सालब्युटामॉल टाकलं, वाफ दिली, घरघर उलट वाढली. मी म्हटलं बंद करा, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, बालदमा आहे हे एकदा मान्य करा, पोरीचे हाल करू नका." सासूबाईंनी तेवढ्यात केळी आणि दही कायमचं बंद करून टाकलं.

शेवटी पुण्यात लहान मुलांच्या फुप्फुसाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकली, मूल स्वतः श्वास घेत असताना. स्क्रीनवर आम्हाला दाखवलं, श्वास सोडताना श्वासनळी चपटी होत होती. ट्रेकिओमलेशिया. अशा ऑपरेशनची बरीच मुलं जन्मतःच श्वासनळीची कूर्चा, म्हणजे नळी उघडी ठेवणारं मऊ हाड, कच्ची घेऊन येतात, अन्ननलिका कितीही छान जोडली तरी ते तसंच राहतं. नळी मिटली की कफ वर येत नाही, साचतो, त्यात जंतू वाढतात आणि साध्या सर्दीचा न्युमोनिया होतो. सालब्युटामॉल स्नायू सैल करतं, म्हणून अशा नळीत काही मुलांना त्रास वाढतो. म्हणजे पंगतीत मी ओरडत होते ते उगाच नव्हतं.

दुसरं म्हणजे ॲसिड वर येणं. जोडलेल्या अन्ननलिकेची हालचाल जन्मभर थोडी बिघडलेलीच असते, झोपल्यावर पोटातलं वर येतं आणि श्वासनळीत उतरतं, रात्रीचा खोकला बऱ्याचदा तोच. जोड आवळला गेला असेल तर घास अडकतो, थुंकी श्वासनळीत जाते. आणि क्वचित बंद केलेली फिस्टुला परत उघडते. दूध पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, एकाच बाजूला परत परत न्युमोनिया होत असेल तर वाफेवर वेळ काढू नका, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) टाकून तपासणी आणि दुर्बीण मागा. खाताना निळा पडला तर तडक हॉस्पिटल.

केळ्या-दह्याचा यात काडीचा संबंध नाही, खुशाल द्या, फक्त घास छोटा आणि मध्ये पाणी. या मुलांचं वजन आधीच वाढत नाही, त्यात आजीचं पथ्य.

हा त्रास किती वयापर्यंत राहतो, हेही विचारलंय तुम्ही. कूर्चा वयाबरोबर घट्ट होते, न्युमोनिया कमी होत जातात, आमचीचे शाळेत जायला लागल्यावर कमी झाले. भुंकणारा खोकला मात्र तिसरीतही आहे, बऱ्याच जणांचा मोठेपणीही राहतो. फारच वाईट असेल तर महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, पुढे ओढून छातीच्या हाडाला शिवतात, म्हणजे श्वासनळीला जागा मिळते, आम्हाला ती वेळ आली नाही. फ्लूची लस दरवर्षी द्या, कफ सुटायला छातीचा फिजिओ शिकून घ्या.

हां, एक राहिलं, काही मुलांना हे सगळं असून वर दमाही असतो, म्हणून माझं वाचून पंप स्वतःहून बंद करू नका. ॲसिडच्या औषधाचंही तेच, डॉक्टरांना विचारूनच.

आणि दुर्बिणीची सीडी मागून घ्या. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे उपयोगी पडते. आमची मी भाऊजींच्या मेडिकलच्या काउंटरवर नेऊन ठेवली होती, त्यांनी बिल करायचं कारण सांगून आजपर्यंत बघितलेली नाही, कॉम्प्युटर समोरच असतो.