आयसोलेट घेऊ की कॉन्सन्ट्रेट?

प्रश्न: तीन महिने झाले जिमला जातोय, वजन ६८ किलो. ट्रेनर म्हणतो व्हे (दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर) घ्यायची तर आयसोलेटच घे, मित्र म्हणतो कॉन्सन्ट्रेट चालेल. दूध प्यायलं की माझं पोट फुगतं. काय घेऊ?

उत्तर: पोट फुगतं म्हणतोस ना, मग यावेळी ट्रेनरचं ऐक (दरवेळी ऐकायलाच हवं असं नाही हं), कारण आयसोलेटमधलं लॅक्टोज (दुधातली साखर, बहुधा तिच्यामुळेच पोट फुगतं) बहुतेक काढून टाकलेलं असतं आणि प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास, कॉन्सन्ट्रेटमध्ये ते साधारण ८० पर्यंतच. पोट नीट असतं तर कॉन्सन्ट्रेटनेही काम झालं असतं, उगाच जास्त पैसे कशाला. डब्यावरच्या फोटोतले फुगलेले दंड बघू नकोस, मागचं लेबल वाच, ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये प्रोटीन १५-१६ ग्रॅमच असेल तर बाकी काय भरलंय ते बघ. ग्लायसिन, टॉरिन (ही स्वस्त अमिनो आम्लं) वेगळं टाकलेलं दिसलं तर मी तरी तो डबा परत ठेवीन, प्रोटीनचा आकडा फुगवायची ती स्वस्त युक्ती असते. दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर तुला साधारण ११० ग्रॅम पुरे, आधी जेवणातलं मोज आणि कमी पडेल तेवढंच पावडरने भर. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.