मृदविज्ञान शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.एस्सी. (कृषी)च्या सहाव्या सत्रात आहे. पदव्युत्तरला मृदविज्ञान घ्यायचा विचार आहे. वरच्या वर्गातली मुलं म्हणतात, हा विषय म्हणजे नुसतं रसायनशास्त्र. खरंच तसं आहे का? आणि विद्यापीठ कोणतं निवडावं?
– विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : विभागाच्या पाटीवरच 'मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्र' लिहिलेलं असतं, त्यामुळे हा समज पसरतो. रसायनशास्त्र भरपूर आहे, ते चुकत नाही. पण मातीतल्या पाण्याची हालचाल, घनता, निचरा हा मृदभौतिकीचा भाग जवळजवळ गणितच आहे. मातीची निर्मिती आणि वर्गीकरण यात भूगर्भशास्त्र आणि पायपीट जास्त. मातीतले सूक्ष्मजीव हा आणखी वेगळा प्रांत. बुरेटचा कंटाळा असेल तरी या विषयात जागा आहे.

विद्यापीठ निवडताना वसतिगृहाआधी तिथली जमीन बघा, कारण दोन वर्षं तुमचा प्रबंध तिच्यावरच चालणार. राहुरीकडे बागायती पट्टा आणि त्यातल्या खारवट-चोपण जमिनी, अकोल्याला कापसाची काळी जमीन आणि पूर्णा खोऱ्याचा क्षारांचा प्रश्न, परभणीला मराठवाड्याची खोल भारी जमीन, दापोलीला जांभ्याची आम्लधर्मी माती आणि किनाऱ्यालगतची खार जमीन. या चार विद्यापीठांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. दिल्लीचं 'पुसा' (भारतीय कृषी संशोधन संस्था) किंवा दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ हवं असेल तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना.

प्रश्न : सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीनं काढते आहे. एकाच नमुन्याचे तीन आकडे ०.४२, ०.६१ आणि ०.८८ टक्के आले. द्रावणं नवीन बनवली, तरी तेच. कुठं चुकत असेल?
– एम.एस्सी. प्रथम वर्ष, अकोला

उत्तर : द्रावणांवर संशय घेण्याआधी चाळणी बघा. सामू, विद्युत वाहकता, स्फुरद यांना २ मि.मी. चाळणीतली माती चालते. कर्बासाठी आपण फक्त १ ग्रॅम माती घेतो, आणि त्या एका ग्रॅममध्ये मुळाचा एखादा तुकडा आला की आकडा उडी मारतो. म्हणून थोडा नमुना वेगळा काढून मुळं, काड्या हातानं वेचा, खलात बारीक करा आणि ०.५ मि.मी. चाळणीतून सगळाच्या सगळा पार होईपर्यंत कुटत राहा. चाळणीवर उरलेलं फेकून दिलं तर नमुनाच बदलतो.

माती नीट असेल तर पुढचा संशयित म्हणजे उष्णता. १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मि.ली. घालून फ्लास्क हलवला की २० मि.ली. संहत गंधकाम्ल एका दमात ओतायचं असतं. बाहेरून आपण तापवत नाही; आम्ल पाण्यात मिसळताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यावरच कर्ब जळण्याची सगळी मदार असते. धार बारीक ठेवली की उष्णता उडून जाते आणि कर्ब कमी येतो. फ्लास्क थंडगार कडप्प्यावर ठेवला तरी तोच परिणाम. खाली लाकडी फळी ठेवा. बाटली उघडी राहून आम्लानं हवेतला ओलावा शोषला असेल तर तेही कमजोर पडतं. सगळे फ्लास्क बरोबर ३० मिनिटं ठेवायचे. पहिल्याला ३० आणि शेवटच्याला १५ मिनिटं मिळाली, असं घाईत सर्रास होतं. एका खेपेला आठ-दहाच घ्या आणि प्रत्येकावर वेळ लिहा.

मग २०० मि.ली. पाणी, १० मि.ली. ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल, १ मि.ली. डायफेनिलअमाईन, आणि ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटनं उरलेल्या डायक्रोमेटचं टायट्रेशन. गढूळ तपकिरी रंग आधी जांभळा-निळा होतो आणि मग एका थेंबात लख्ख हिरवा. हा बदल रेंगाळत असेल तर फॉस्फोरिक आम्ल घालायचं विसरलं आहे. आम्ल ओतून झाल्यावर, टायट्रेशनच्या आधीच फ्लास्क हिरवा दिसला तर सगळं डायक्रोमेट संपलं; तो नमुना सोडून ०.५ ग्रॅम मातीवर पुन्हा करा.

ब्लँक, म्हणजे माती न घालता केलेलं टायट्रेशन, रोज, दोन फ्लास्कांत. फेरसचं द्रावण हवेनं हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे कालचं ब्लँक आज चालत नाही. २० मि.ली.च्या जागी २०.६ आलं तर घाबरायचं कारण नाही, कारण सूत्रात ब्लँक स्वतःच बसतो : १० गुणिले (ब्लँक वजा नमुना) भागिले ब्लँक, गुणिले ०.३, एक ग्रॅम मातीसाठी. ब्लँक २०.६ आणि नमुना १६.४ असेल तर उत्तर ०.६१ टक्के. इथंच प्रबंधातला मोठा घोळ होतो. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरून काही जण १.३ नं गुणतात. तसं केलं तर तीच माती ०.८० वर जाते. आपल्याकडे ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर भरपूर धरतात, म्हणजे एका गुणाकारानं मातीचा वर्ग बदलला! गुणलं की नाही, हे 'साहित्य आणि पद्धती' प्रकरणात एका ओळीत लिहा.

पूर्णा खोऱ्यातले खारवट नमुने असतील तर क्लोराईडही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगतो. त्यासाठी सिल्व्हर सल्फेट मिसळलेलं गंधकाम्ल वापरतात. आणि डायक्रोमेट तोंडानं ओढायचं नाही, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही. हे क्रोमियम विषारी असतं.

प्रश्न : शैक्षणिक सहलीत जमिनीचा उभा छेद दाखवला. काळ्या जमिनीत वरपासून खालपर्यंत सगळं काळंच दिसतं, थर कुठं बदलतो ते कळत नाही.
– तृतीय वर्ष, लातूर

उत्तर : रंगाचा नाद सोडा. भारी काळ्या जमिनीतली चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, वरची माती भेगांतून खाली पडते. असं घुसळण वर्षानुवर्षं चालल्यानं रंग आणि पोत सारखाच होऊन बसतो. इथं थर ओळखायचे ते ढेकळांच्या आकारावरून.

खड्डा दीड मीटर खोल, आत बसून लिहिता येईल एवढा रुंद. उन्हाची तिरीप पडेल ती बाजू वाचायची, आणि त्या बाजूच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही, उकरलेली मातीही तिथं टाकायची नाही. कुदळीनं दाबून गुळगुळीत झालेल्या भिंतीवर काही दिसत नाही. सुरीच्या टोकानं ती उचकटत खाली या. वर नांगरटीचा थर : भुसभुशीत, दाणेदार, मुळांनी भरलेला. त्याखाली कोनदार ढेकळं. साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास सुरीनं ढेकूळ सोडवलं की तिरपा, चकचकीत, बारीक रेघोट्या ओढल्यासारखा पृष्ठभाग उघडा पडतो. फुगलेल्या मातीचे ठोकळे एकमेकांवर घासून तो तयार होतो. यालाच स्लिकनसाईड म्हणतात, आणि त्याची खूण म्हणून थराच्या नावात 'एसएस' लावतात. तो पृष्ठभाग जिथं सुरू होतो तिथं भिंतीत खिळा ठोका आणि पट्टीनं खोली मोजा. आणखी खाली चुनखडीचे खडे वाढतात. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून किती फसफसतं ते प्रत्येक थराला नोंदवा. मुरूम लागला की बहुधा वहीतलं काम संपलं.

नमुने खालच्या थरापासून वर घेत या, नाहीतर वरची माती खालच्या थरावर सांडते. पावसाळ्यात अशा खड्ड्याची भिंत ढासळू शकते. एकट्यानं उतरू नका.

जाता जाता अशा काळ्या जमिनीच्या शास्त्रीय नावाबद्दल. 'टिपिक हॅप्लुस्टर्ट्स' हे घोकायचं नाही, उजवीकडून सोडवायचं : 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, ही फुगणारी-आक्रसणारी भारी माती, 'उस्ट' म्हणजे पाण्याची मर्यादा असलेलं, पण पीक येण्याइतका ओलावा देणारं हवामान, 'हॅपल' म्हणजे साधी, खास वेगळेपण नसलेली. बारा ऑर्डरचे (वर्गीकरणातल्या सर्वांत वरच्या गटांचे) शेवटचे तुकडे पाठ झाले की निम्मं वर्गीकरण हातात आलं.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्या नमुन्यांचा स्फुरद ओल्सेन पद्धतीनंच काढतात. कोकणातल्या मातीला चालेल का?
– एम.एस्सी., दापोली

उत्तर : आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे क्रमांक १ ही पद्धत जास्त योग्य. उलट ब्रे चुनखडीयुक्त काळ्या मातीला लावू नका. त्यातलं सौम्य आम्ल चुन्यातच खर्ची पडतं आणि स्फुरद खोटा कमी येतो. ओल्सेन वापरताना सोडियम बायकार्बोनेटचा सामू त्याच दिवशी ८.५ ला जुळवा, ठेवून ठेवून तो वर चढतो. द्रावणाचा रंग घालवायला वापरतो त्या कोळशात स्फुरद नाही ना, हे मातीविना ब्लँक चालवून तपासा. दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले तर परीक्षक नक्की पकडेल, आणि पकडायलाच हवं.

प्रश्न : पीपीएमचं (दहा लाख भागांतले भाग) किलो प्रतिहेक्टर करताना २.२४ नं का गुणायचं? मार्गदर्शक म्हणतात, 'सगळे तसंच करतात.'
– आचार्य पदवीचा विद्यार्थी, राहुरी

उत्तर : हा आकडा जुन्या पौंड-एकरी हिशेबातून आला आहे. एक एकर नांगरटीच्या थराची माती २० लाख पौंड धरत. त्याचे हेक्टरी २२.४ लाख किलो होतात. १५ सें.मी. खोलीला याचा अर्थ घनता सुमारे १.४९ ग्रॅम प्रति घन सें.मी. तुमच्या शेताची घनता १.३० असेल तर हेक्टरी माती १९.५ लाख किलोच भरते. १२ पीपीएम स्फुरद एका हिशेबानं २६.९ किलो, दुसऱ्यानं २३.४. शेतकऱ्याच्या शिफारशीसाठी २.२४ चालतं, कारण शिफारशीचे वर्गही त्याच हिशेबावर बेतलेले आहेत. पण कर्बसाठा किंवा अन्नद्रव्यांचा ताळेबंद मांडायचा असेल तर घनता मोजायलाच हवी. काळ्या जमिनीत ती ओलाव्याबरोबर बदलते, म्हणून नमुना घेताना मातीत किती ओल होती तेही शेजारी लिहा.

प्रश्न : मातीचा रंग ताडायची मन्सेल रंगपुस्तिका महाग आहे. मोबाईलवरच्या रंगांशी माती ताडून पाहिली तर?
– द्वितीय वर्ष, कोल्हापूर

उत्तर : नको. प्रत्येक पडदा तोच रंग वेगळा दाखवतो. विभागाची प्रत मागून घ्या, ढेकूळ पाण्यानं ओलं करून सावलीत न धरता थेट उन्हात धरा, आणि पानं चिखलाच्या बोटांनी उलटू नका.