‘उलाळ’ विमान आणि ‘ओढ’ या शब्दाची अडचण

प्रश्न असा आला आहे: ‘भाचा विमान चालवायला शिकतोय. तो म्हणतो, वजन मागं सरकवलं की विमान जास्त पळतं. अशा मागं जड विमानाला मराठीत शब्द आहे का? आणि ‘ड्रॅग’ला, म्हणजे हवेच्या अडथळ्याला, ‘ओढ’ म्हटलेलं चालेल का?’

शब्द आहे, आणि तो बैलगाडीचा आहे: उलाळ. भार आसाच्या मागं जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. ती गाडी उलाळ. उलट झालं की गाडी बैलांच्या मानेवर येते.

आमच्याकडं कारखाना सुरू झाला की उसाच्या टायरगाड्या रस्त्याला लागायच्या. पुढं ऊस जास्त भरला गेला असला की गाडीवान बरोबरच्या पोराला म्हणायचा, ‘मागं लोंबकळ जरा.’ पोरगं लोंबकळलं की बैलांची मान हलकी व्हायची. पण आसावर काय यायचं बघा: मानेवरून उतरलेला भार, आणि वर त्या पोराचं वजन.

सेस्ना १७२ सारख्या विमानात आसाच्या जागी पंख आहेत आणि पोराच्या जागी शेपटीचा आडवा पंख. गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा तोलबिंदू, पंखांच्या उचलीच्या पुढं असतो, म्हणून नाक खाली जाऊ बघतं आणि शेपटी स्वतःला खाली दाबून ते सावरते. विमानाचं वजन अधिक हा दाब, दोन्ही उचलायचे पंखांनीच. त्यासाठी पंख हवेला जास्त तिरपा धरावा लागतो आणि हवेचा अडथळा वाढतो. वजन मागं गेलं की शेपटीला दाबावं कमी लागतं, तेवढ्याच ताकदीत विमान काही नॉट (विमानाच्या वेगाचं माप) जास्त पळतं. भाच्याचं म्हणणं खरं आहे.

याच अडथळ्याला ‘ओढ’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मराठीत ओढणारा पुढं असतो. बैल गाडी ओढतो, तसा सेस्नाचा नाकावरचा पंखाही विमान ओढतोच. मग मागं खेचणाऱ्यालाही ओढ म्हटलं तर वाचणाऱ्यानं कुणीकडं बघायचं? ‘कर्षण’ या दुसऱ्या पर्यायाची खोट तीच, कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं, ‘कृषी’ त्यातलीच. ‘रोध’ बरा. विजेचा रोध आपण शाळेत शिकलोच आहोत, हवेचाही चालेल.

विमानात भार किती आणि कुठं हे बघायच्या ‘वेट अँड बॅलन्स’चं ‘वजन व संतुलन’ही मला गुळगुळीत वाटतं. ‘वजन आणि तोल’ म्हणावं. तोल सावरता येतो, ढळतो आणि जातोही. १७२एस पूर्ण भरलेलं म्हणजे ११५७ किलो. तेव्हा गुरुत्वमध्य इंजिनामागच्या फायरवॉल नावाच्या भिंतीपासून मागं ४१ ते ४७.३ इंचांच्या आत लागतो. जेमतेम १६ सेंटिमीटरची पट्टी! पुढच्या सीटवरची ३० किलोंची बॅग दीड मीटर मागं, सामानाच्या कप्प्यात टाकली की त्यातले जवळपास चार सेंटिमीटर संपले.

पट्टीच्या मागच्या टोकापलीकडं मात्र वेगाचा हिशेब कुणी करत नाही. नाक आपणहून वर जाऊ लागतं, ते खाली आणायला शेपटीचा जोर पुरत नाही, आणि विमान गिरकीत सापडलं तर बाहेर काढणं अवघड होऊन बसतं.

म्हणून शब्द वापरताना एवढा भेद ठेवावा. उलाळ हे दोष सांगणारं विशेषण आहे; कुठलाही गाडीवान ते कौतुकानं म्हणत नाही. भाचा बॅग मागं ठेवून थोडाफार वेग कमावतो तोवर त्याचं विमान नुसतं ‘मागं जड’. ४७.३ ओलांडलं की उलाळ.