वीज गेली, इंजेक्शनही गेलं का?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला बालसंधिवात आहे, वजन १८ किलो. मेथोट्रेक्सेट या औषधानेही गुडघ्यांची सूज उतरेना म्हणून दर पंधरा दिवसांनी २० मिलिग्रॅम अडालिमुमॅब हे सूज कमी करणारं इंजेक्शन सुरू झालंय. परवा रात्रभर वीज नव्हती. फ्रिजमधलं इंजेक्शन वाया गेलं का? टोचताना ती फार रडतेही.
– एक आई, बार्शी

उत्तर : फ्रिजचं दार बंदच ठेवलं असेल, तर बहुधा नाही. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. मूळ कंपनीचं अडालिमुमॅब २५ अंशांपर्यंत १४ दिवस टिकतं. तुमच्या कंपनीची मुदत खोक्यातल्या पत्रकात पाहा आणि वीज गेल्याची तारीख खोक्यावर लिहून ठेवा. खरी भीती गोठण्याची. हे प्रथिन आहे. एकदा गोठलं की वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. म्हणून खोकं फ्रीझरखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्रवासात बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळा.

रडण्याचं निम्मं कारण गार औषध. अर्धा तास आधी बाहेर काढा. गरम पाण्यात मात्र बुडवू नका. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटनेही झोंबतं. मांडीची कातडी चिमटीत धरून सुई ४५ अंशांत घाला, औषध सावकाश सोडा, नंतर चोळू नका. पुढच्या वेळी दुसरी मांडी.

नवं खोकं आलं की मिलिलिटर जरूर तपासा. ४० मिलिग्रॅम कुठे ०.८ मिलीत असतं, तर कुठे ०.४ मिलीत. पहिल्यातून २० मिलिग्रॅमसाठी ०.४ मिली लागतं. दुसऱ्यातून तेवढंच दिलंत तर डोस दुप्पट! उरलेलं औषध पुढच्या खेपेला ठेवू नका, त्यात जंतू वाढू शकतात. ताप असेल त्या दिवशी टोचायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन.

प्रश्न : माझ्या मुलालाही बालसंधिवात आहे, त्याच्या सांध्यांची सूज पूर्ण गेली. आता डोळे तपासायची आणि इंजेक्शनची गरज आहे का?
– एक वडील, सांगली

उत्तर : दोन्हींची आहे. या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज बहुतेकदा ना लाल दिसते, ना दुखते. मूल तक्रारच करत नाही आणि नजर कायमची अधू होऊ शकते. ती स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकावरच कळते. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलांची तपासणी सहसा दर तीन महिन्यांनी होते, गुडघे कितीही बरे असोत. इंजेक्शन परस्पर बंद करू नका, सूज उलटते. गोवर-रुबेलाची किंवा कांजिण्यांची लस ठरली असेल, तर तीही डॉक्टरांना विचारूनच, कारण या लसींत जिवंत विषाणू असतात आणि हे इंजेक्शन प्रतिकारशक्ती दाबतं.